थोरल्याची बेल

“तुझ्या त्या देवळातल्या घंटेचं काहीतरी कर, मकरंद. नाहीतर मी करतो.”

हर्षदने हे सोमवारी सकाळी, चहा यायच्याही आधी सांगितलं, यावरून तो किती वैतागला होता ते समजावं. चहाआधी तो कुणाशी बोलत नसे.

“देवळात घंटा भक्त वाजवतो,” मी म्हणालो. “इथे देव वाजवतो आणि भक्ताने ऐकायची असते. एवढा फरक लक्षात ठेव.”

पलीकडे तबस्सुम फिस्सकन हसली. हर्षद हसला नाही. त्याने मुद्दाम एंटर दाबला, आणि कोपऱ्यातल्या संगणकाने इमानेइतबारे आवाज दिला. टण्.

याला आता बारा वर्षं झाली. तेव्हा आमचं सॉफ्टवेअरचं ऑफिस साताऱ्यात पोवई नाक्याजवळ, एका चष्म्याच्या दुकानावर होतं. आंधळ्याने चष्म्याच्या दुकानावर नोकरी करावी, हा विनोद दुसऱ्या कुणी करण्याआधी मीच पहिल्या दिवशी करून टाकला होता. मी जन्मापासून आंधळा. कागदोपत्री त्याला बरेच चांगले शब्द आहेत, पण मला हा सुटसुटीत वाटतो. पडद्यावर जे उमटतं ते माझा संगणक कानात वाचून दाखवतो, तेही अशा वेगाने की दुसऱ्याला ती नुसती भुणभुण वाटावी. तबस्सुमने एकदा माझा इयरफोन कानाला लावून बघितला आणि “तुझ्या डोक्यात ही एवढी माशी फिरते?” असं विचारून परत दिला.

ऑफिसची मालकीण सुमेधाताई आगाशे. हर्षद वैशंपायन आमचा म्होरक्या, हुशार आणि त्याची जाणीव असलेला. तबस्सुम मुलाणी आणि मी हाताखाली. जिल्ह्यातल्या खाजगी रक्तपेढ्यांचा एक संघ होता, त्याचं काम आमच्याकडे होतं. कुठल्या पेढीत कुठल्या गटाच्या किती पिशव्या आहेत, ते सगळ्या दवाखान्यांना एका ठिकाणी दिसावं, एवढंच ते काम. ऐकायला सोपं, पण चुकलं तर एखाद्याच्या जिवावर बेतणारं.

आता घंटेकडे येतो. त्यासाठी आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी.

एकाच कामाच्या अनेक प्रती आमच्याकडे शेजारी शेजारी नांदतात. त्यांना ब्रँच म्हणतात. रक्तपेढ्यांत प्रत्यक्ष चालते ती मुख्य ब्रँच. बाकी ज्याच्या त्याच्या, मोडतोड करून बघायच्या. गोम अशी, की कुठल्याही ब्रँचवर उभे राहा, फायली त्याच, नावं तीच, घर तेच. तुम्ही विचारलंत तरच संगणक सांगतो की बाबा, तू अमक्या ब्रँचवर आहेस. आणि विचारायचं सुचतं ते बहुधा नको ते होऊन गेल्यावर.

यावर उपाय असतो. तुमच्या हुकमाची वाट बघत संगणक थांबतो, तेव्हा तो पडद्यावर एक ओळ दाखवतो. तिला प्रॉम्प्ट म्हणतात. ती हवी तशी बदलता येते, तिच्यात ब्रँचचं नाव आणता येतं. डोळस लोक तिला रंग देतात, बाण काढतात, नवरीसारखी सजवतात. माझा हिशेब वेगळा होता. माझ्या कानात ती ओळ प्रत्येक एंटरला वाचली जायची. माझं नाव, यंत्राचं नाव, फोल्डरचा लांबलचक पत्ता. दिवसातून चारशे वेळा स्वतःचं नाव ऐकलं की माणसाला स्वतःचाच वीट येतो. म्हणून मी ती छाटत छाटत नेली. शेवटी एवढंच उरवलं की सगळं ठीक असेल तर ब्रँचचं नाव सांग आणि गप्प बस. एखादा बदल जतन करायचा राहिला असेल, तर “बाकी” म्हण. हे जमायला मला तीन आठवडे लागले आणि जमलं तेव्हा मी एकट्यानेच दोन वडापाव खाऊन ते साजरं केलं.

कोपऱ्यातल्या संगणकाला आम्ही थोरला म्हणायचो. तो सगळ्यांचा सामाईक. दर गुरुवारी दुपारी चार वाजता आठवड्याचं काम त्याच्यावरूनच रक्तपेढ्यांकडे जाई. याला आम्ही रिलीज म्हणायचो. त्यासाठी एक हुकूम केलेला होता, त्याचं नावच ‘सोड’. सोड म्हटलं की थोरल्यावर त्या क्षणी जी ब्रँच उघडी असेल, ती जशीच्या तशी जाई. थोरला विचारत नसे आणि सांगतही नसे. ‘सोड’ म्हणायचा मान हर्षदचा. तो हुकूम टाइपही करत नसे. वरच्या बाणाची कळ दोन-तीनदा दाबली की मागच्या आठवड्याचा हुकूम परत येतो, त्यावर एंटर.

थोरल्याला माझ्यासारखा वाचून दाखवणारा आवाज नव्हता. म्हणून त्याच्या प्रॉम्प्टमध्ये मी डोळस लोकांसाठी ब्रँचचं नाव घातलं आणि स्वतःसाठी घंटा. मुख्य ब्रँचवर असाल आणि सगळं जतन केलेलं असेल, तर दोनदा वाजेल. म्हणजे जा. बाकी काहीही असेल तर एकदाच. म्हणजे थांबा. ही खूण मी कुठून आणली ते कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

“ताई, तुम्हीच सांगा,” हर्षद सुमेधाताईंकडे वळला. “वर्षभरात माझं एक तरी रिलीज फसलंय का? मग हे कशाला? ती स्क्रीन घाण केलीये त्याने, आणि वर हा टणत्कार.”

“गुरुवारपर्यंत राहू दे,” ताई म्हणाल्या. “मग बघू.”

ताई खुशीत वाटल्या, म्हणून मी त्यांच्या मागोमाग त्यांच्या खोलीत गेलो.

“ताई, हा गुरुवार मी करू का? रिलीज.”

त्यांनी लगेच नाही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. त्यांच्या बांगड्या टेबलावर वाजल्या.

“मकरंद, तू टेस्टिंग फार छान करतोस,” त्या म्हणाल्या. “हे बघ, खरं सांगू? हर्षदचं चुकलं तर मी त्याला फाडून खाईन. तुझं चुकलं तर मला ओरडवणार नाही. उलट मलाच वाईट वाटेल. मग अशा माणसाच्या हातात मी ते कसं देऊ?”

त्या वाईट नव्हत्या. मला नोकरी द्यायला इतर चार जणांनी नकार दिला होता, त्यांनी दिली होती. पण माणसाला ओरडासुद्धा मिळू नये, याइतका अपमान मी तोवर सोसला नव्हता. मी “बरं” म्हणालो आणि जागेवर येऊन बसलो.

आम्ही राहायचो कोरेगावला. मंगळवारी संध्याकाळी घरी पोचलो तर आण्णा ओट्यावर बसले होते. माझी वाट बघत असले की ते खाकरायचे, म्हणजे मला कळावं.

आण्णा म्हणजे माझे वडील, ज्ञानदेव भिलारे. एकतीस वर्षं एस.टी.त कंडक्टर. माझ्या सगळ्या शहाणपणाचं मूळ तिथे आहे. मला गाडी दिसत नव्हती, पण ऐकू येई. लहानपणी शाळेला सुट्टी असली की आण्णा मला पुढच्या सीटवर बसवून फेरीला न्यायचे. छताखालून दोरी गेलेली असायची. कंडक्टरने ती एकदा ओढली की ड्रायव्हरजवळ सिंगल बेल, म्हणजे थांबा. दोनदा ओढली की डबल, म्हणजे जाऊ द्या. नुसत्या बेलवरून मला कळायचं की उतरणारं माणूस म्हातारं आहे की तरणं, कारण म्हातारं असलं की आण्णांची डबल उशिरा यायची. ती दोरी एकदा तरी ओढायला मिळावी म्हणून मी किती रडलो असेन त्याला गणती नाही. आण्णांनी कधी दिली नाही.

“ते खेळनं न्हवं,” ते म्हणायचे. “गाडी ड्रायव्हर चालवतो, पर हलती कंडक्टरच्या बेलवर. मागं पन्नास मानसं असत्यात. ज्याच्या डोस्क्यावर ती पन्नास मानसं, त्यानंच दोरीला हात लावायचा.”

त्या संध्याकाळी त्यांच्या हातात एक पाकीट होतं. कागदाचा आवाज आला.

“मकरंदा, आर्डर आली बग. सरकारी कचेरी, टेलिफोन आपरेटर. शुक्रवारपातूर होकार द्याचा हाय. फकस्त सही पायजे तुजी.”

आई आतून म्हणाली, “देवच पावला.”

आण्णांनी मला शेजारी बसवलं.

“तितं तुला काय काम असतं, नीट सांग मला.”

“टेस्टिंग करतो. बाकीच्यांनी केलेलं तपासायचं, चुका काढायच्या.”

“म्हंजी गाडी धुवायची.”

“तसं न्हाई, आण्णा.”

“मग कसं? गाडी सोडतंय कोन?”

“हर्षद सोडतो.”

“आन् तू?”

आण्णा चिडले नव्हते, हेच जास्त लागलं. हळूच म्हणाले, “पोरा, दया म्हनून ठेवून घेतल्याला मानूस लई दिस टिकत न्हाई. सरकारी कागुद हाय ह्यो. माज्या माघारीबी टिकंल.”

“गुरुवारपर्यंत थांबा,” मी म्हणालो. “ताईंना परत एकदा विचारतो. गाडी सोडायला दिली तर मी तिथंच राहणार. न्हाई म्हणाल्या तर सही करतो. मुकाट्यानं.”

“शब्द?”

“शब्द.”

“मग गुरुवारी चारच्या सुमाराला मीच येतो कागुद घिऊन. हातासरशी कचेरीत दिऊन येऊ,” आण्णा म्हणाले. माझी पाठ थोपटली आणि आत गेले. त्यांचा निकाल लागलेला होता.

बुधवारी दुपारी तबस्सुम माझ्या खुर्चीजवळ येऊन कुजबुजली, “तुला सांगायला नको, पण सांगते. हर्षदनं थोरल्यावरचं तुझं ते सगळं काढलं.”

“घंटाही?”

“ते काय माहीत. त्यानं फाइल उघडली, नावबिव दिसत होतं ते सगळं उडवलं. आता प्रॉम्प्टमध्ये नुसती डॉलरची खूण आहे, पहिल्यासारखी. मी तिथंच टेस्टिंगला बसले होते, मला उठवून केलं.”

मला राग आला, पण भांडायला बळ नव्हतं. मनात म्हटलं, जाऊ दे, आपला इथे एकच दिवस उरलाय.

गुरुवारी दुपारी दोन वाजता मी ताईंना विचारलं. दारात उभं राहूनच विचारलं, आत जायचा धीर झाला नाही.

“आज नको रे मकरंद,” त्या म्हणाल्या. “आज संघाचे अध्यक्ष स्वतः फोनवर असणार आहेत. नवीन तीन पेढ्या आजपासून जोडल्या जातायत. पुढे कधीतरी बघू, नक्की.”

पुढे कधीतरी म्हणजे काय, ते आंधळ्या माणसाला कुणी समजावून सांगावं लागत नाही. मी जागेवर आलो आणि खिशातलं पेन आहे ना, ते चाचपून घेतलं.

चारला पाच मिनिटं असताना जिन्यावर आण्णांच्या चपला वाजल्या. मी त्यांना दाराजवळच्या बाकावर बसवलं. “मालकिणीला इचारलंस?” त्यांनी विचारलं. “न्हाई म्हणाल्या,” मी म्हणालो. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. “असू दे,” म्हणाले. “चार झालं की निगू.”

बरोबर चारला हर्षद थोरल्यापुढे बसला. ताई खोलीतून फोन घेऊनच बाहेर आल्या. “हो, हो, अध्यक्षसाहेब. पाच मिनिटांत सगळ्या दवाखान्यांना दिसायला लागेल,” असं बोलत त्या खिडकीशी उभ्या राहिल्या. हर्षदने पहिला हुकूम दिला. काहीतरी किरकोळ, नेहमीचं.

टण्.

मी मान वर केली.

“अजून वाजतंय हे?” हर्षद स्वतःशीच म्हणाला.

मला लख्ख कळलं. त्याने फाइल उघडून जे दिसतं ते पुसलं होतं. घंटेसाठीच्या खुणेला पडद्यावर कुठलंही रूप नसतं, आणि ती मी वेगळ्या फायलीत ठेवलेली होती. जे दिसत नाही ते राहून गेलं होतं.

“हर्षद,” मी म्हणालो, “सिंगल वाजली.”

“वाजू दे. तुझं ते काल मी काढलंय, त्याचं उरलंसुरलं काहीतरी बोंबलतंय.”

“ब्रँच कुठली आहे ते बघ एकदा.”

“मकरंद, मला डोळे आहेत,” तो म्हणाला. लगेच त्याला कसंतरी झालं असावं, कारण पुढचं वाक्य त्याने मऊ आवाजात उच्चारलं. “ताई फोनवर आहेत ना. दोन मिनिटं थांब.”

खरं सांगतो, मी थांबलो. क्षणभर मला वाटलं, असेलही तसं. त्याने अर्धं तोडलं म्हणून उरलेलं वेड्यासारखं वाजत असेल. शिवाय माझं इथलं काम संपलेलं होतं. वरच्या बाणाची कळ वाजली. एकदा, दुसऱ्यांदा. आता ‘सोड’ पडद्यावर आलं असणार. मी खुर्ची मागे सारली.

“ओ डायवर!”

अख्खं ऑफिस दणाणलं. एकतीस वर्षं भरल्या गाडीत मागून पुढे पोचलेला आवाज होता तो.

“ओ डायवर, सिंगल पडलीया न्हवं! सिंगलवर गाडी हलीवत्यात व्हय? हात काढा खाली!”

हर्षदची खुर्ची करकरली. ताईंचा फोनवरचा शब्द अर्धाच राहिला. खालच्या रस्त्यावरची रिक्षासुद्धा मला ऐकू आली, एवढी शांतता झाली.

“आण्णा,” मी हळूच म्हटलं.

“आरं, सिंगल पडली की!” आण्णा म्हणाले. आपण कुठे बसलोय याचं भान त्यांना आता आलं होतं, पण माघार घेणारा माणूस नव्हे तो. “मागं कुनीतरी उतरत आसंल. बघाय नको?”

मी उठलो, थोरल्यापर्यंत गेलो. सात पावलं होती. “हर्षद,” मी म्हणालो, “माझं ऐकू नकोस. थोरल्याला विचार, कुठल्या ब्रँचवर आहेस. एका ओळीचं काम आहे.”

त्याने टाइप केलं. एंटर. टण्.

तबस्सुमने त्याच्या खांद्यावरून वाकून वाचलं, आणि तिचा आवाज उतरला.

“ही माझी ब्रँच आहे. टेस्टिंगची. काल मला उठवलंस ना, ती तशीच राहिली इथं.”

“त्यात काय होतं?” ताईंनी विचारलं. फोन त्यांनी बहुधा छातीशी धरला होता.

“खोटा साठा, ताई. तपासायला म्हणून भरलेला. नवीन तिन्ही पेढ्यांत ओ निगेटिव्हच्या चाळीस-चाळीस पिशव्या.”

ओ निगेटिव्ह म्हणजे काय, ते त्या खोलीत आण्णा सोडून सगळ्यांना माहीत होतं. लवकर न मिळणारा आणि अडल्या वेळी कुणालाही चालणारा गट. रात्री-अपरात्री कुणीतरी ते आकडे बघून पेशंटला घेऊन तीस किलोमीटर गेलं असतं, आणि तिथे एकही पिशवी नसती.

ताईंनी फोन कानाला लावला. “अध्यक्षसाहेब, दहा मिनिटं देता का? आम्ही एकदा नीट तपासून सोडतो,” म्हणाल्या आणि ठेवून दिला.

हर्षद उठला. त्याच्या खुर्चीची चाकं माझ्याकडे सरकत आली आणि माझ्या गुडघ्याला टेकली.

“बस,” तो म्हणाला.

“ताई नाही म्हणाल्यात.”

“मी ताईंशी बोलतो. तू बस. मला दिसत होतं तेवढं मी पुसलं, मकरंद. आता मला काही दिसत नाहीये.”

मी ताईंच्या दिशेला तोंड केलं. “ताई, चुकलो तर ओरडायचं. हर्षदला ओरडला असता तसं, पूर्ण. ते कबूल असेल तर बसतो.”

त्या म्हणाल्या, “फाडून खाईन.”

“मग बसतो.”

बसलो. थोरल्याला आवाज नव्हता हे मघाशी सांगितलं. कानात काही नाही, पुढे काय उमटतंय त्याचा पत्ता नाही. होती ती फक्त घंटा. मी मुख्य ब्रँचवर जायचा हुकूम टाइप केला आणि एंटर दाबला.

टण्.

एकदाच.

“गेलं की मुख्य ब्रँचवर,” हर्षद म्हणाला. “इथे तसं लिहून आलंय. आता कशाला सिंगल?”

“तबस्सुम, जतन न केलेलं काही राहिलंय तुझं?”

ती विचारात पडली. “हर्षदनं उठवलं तेव्हा मी एक फाइल... थांब. हो. पिशव्यांच्या आकड्यांचीच.”

ब्रँच बदलली तरी जतन न केलेली फाइल पदराला धरून मागे येते. ती आली होती. आम्ही ब्रँच बदलून निर्धास्त झालो असतो आणि त्या एकशे वीस खोट्या पिशव्या तरीही रक्तपेढ्यांत पोचल्या असत्या. हर्षदने तोंडाने हवा सोडल्याचा आवाज आला. मी ती फाइल बाजूला काढून ठेवायचा हुकूम दिला.

टण्. टण्.

मागून, बाकावरून, आण्णांचा आवाज आला. हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा.

“हां. आता जाऊ द्या.”

मी ‘सोड’ची अक्षरं टाइप केली. बाण दाबून जुना हुकूम आणला नाही, स्वतः टाइप केली. आणि सोडलं.

आठ मिनिटांनी ताईंचा फोन वाजला. अध्यक्ष होते. सगळं दिसतंय, तिन्ही पेढ्या आल्यात म्हणाले. ताई “धन्यवाद” म्हणाल्या. फाडून खायला काही उरलं नव्हतं. त्या माझ्या खुर्चीमागे आल्या.

“दर गुरुवारी चार वाजता तू,” त्या म्हणाल्या. “आणि हर्षद, ती घंटा सगळ्यांच्या मशीनवर बसव. कशी बसवायची ते मकरंदला विचार.”

“विचारतोच,” हर्षद म्हणाला. “पण आधी त्या काकांना चहा सांगा कुणीतरी. माझे हात अजून गार आहेत.”

आण्णांनी चहा बशीत ओतून प्यायला, आवाज करत. तबस्सुमने त्यांना विचारलं, “काका, तुम्हाला कसं कळलं हो?” तेव्हा ते म्हणाले, “मला काय कळतंय त्यातलं? सिंगल म्हंजी थांबा. एवढं कळाया कंप्युटर शिकाय लागतोय व्हय?” आणि माझ्याकडे वळून, जरा वेळाने, “तू माजी बेल आनलीस हितं?”

“हो,” मी म्हणालो.

बशी खाली ठेवताना ती दोनदा वाजली.

सव्वापाचला आम्ही स्टँडवर आलो. कचेरीच्या रस्त्याला आण्णा वळलेच नाहीत. मी विचारलं, “आण्णा, पत्र?” ते म्हणाले, “खिशात हाय. आसू दे. म्हातारपनी चष्मा पुसाया हुईल.” माझ्या आयुष्यात मी तेवढा तरंगत कधी चाललो नसेन. काठी जमिनीला टेकत होती की नाही, तेही आठवत नाही.

कोरेगावच्या गाडीला गर्दी होती. कंडक्टर आण्णांच्या ओळखीचा निघाला, त्यांच्या हाताखाली तयार झालेला. “या, भिलारेमामा,” म्हणून त्याने आम्हाला पुढची सीट रिकामी करून दिली. आण्णा बसले नाहीत. दांडीला धरून उभे राहिले आणि त्याला, मला वाटतं सगळ्या गाडीला, सांगायला लागले. माझा मुलगा, म्हणाले. सगळ्या जिल्ह्याच्या रगताची गाडी सोडतोय. आज त्यानं सिंगल दिली म्हनून अपघात टळला बगा. त्यांना त्यातलं अर्धंही कळलेलं नव्हतं आणि जेवढं सांगितलं ते सगळं खरं होतं.

माणसं चढून झाली. दार लागलं. कंडक्टरने मागून विचारलं, “मामा, सोडू का?”

“थांब,” आण्णा म्हणाले. त्यांनी माझं मनगट धरलं, मला उभं केलं आणि माझा हात वर छताकडे नेला. बोटांना जाड, तेलकट, पिळाची दोरी लागली.

“मागं छप्पन मानसं हाईत,” ते माझ्या कानाशी म्हणाले. “मी मोजल्याती. मार डबल.”

मी कान देऊन ऐकलं. कुणी चढत नव्हतं, कुणी उतरत नव्हतं. मग दोरी ओढली. एकदा, आणि पुन्हा एकदा.

पुढे ड्रायव्हरने गिअर टाकला आणि गाडी हलली.